‘त्याच्या मरणाने मरू दे’ म्हणणाऱ्यांसाठी

घरातलं कुत्रं किंवा मांजर म्हातारं झालं, अंथरुणाला खिळलं, की सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. आणि त्यांचा सल्ला ठरलेला असतो. "त्याच्या मरणाने मरू दे. आपण कशाला पापात पडायचं?" हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा लेख. आयुष्यभर वर्गात मराठी शिकवलं, त्यामुळे वाक्य समोर आलं की त्याचा अर्थ फोडून बघायची खोड आहे. हे वाक्य फोडलं की आत दया फारशी सापडत नाही. सापडते ती भीती, आणि तीही स्वतःच्या हाताला डाग लागेल एवढीच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ जायला नको. जो माणूस जनावर पाळतो, त्याच्यावर त्या जनावराच्या जेवणाखाण्याची, लशींची, फिरवण्याची जबाबदारी असते, तशीच त्याच्या शेवटाचीही असते. वेदना थांबवता येत नाहीत आणि आजार बरा होणार नाही, असं जाणत्या पशुवैद्यानं सांगितल्यावर त्याला शांतपणे मरण देणं हा त्याच जबाबदारीचा शेवटचा भाग आहे. तिथे ‘मी काहीच ठरवत नाही’ म्हणणं हाही एक निर्णयच असतो. फरक इतकाच, की त्याची किंमत मालक भरत नाही, जनावर भरतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. तसं नाही. आमच्याकडे खंडू तेरा वर्षं होता. चंपाषष्ठीच्या दिवशी गल्लीत सापडला म्हणून नाव खंडू. गावठी जात, कान एक उभा एक पडका, आणि पोस्टमनशी जन्माचं वैर. २०१९ च्या पावसाळ्यात त्याचं खाणं सुटलं, पाणी मात्र बादलीभर पिऊ लागला. रक्त तपासलं तेव्हा किडन्या जवळजवळ संपल्याचं कळलं. कुत्र्यांच्या बाबतीत हा आजार मोठा लबाड असतो. किडनीचा बराच मोठा भाग निकामी झाल्याखेरीज बाहेर लक्षणं दिसतच नाहीत. तीन आठवडे रोज सलाईन, उलटीचं औषध, मऊ भात, सगळं केलं. मग तोंडात फोड आले, भात हुंगून तो मान फिरवू लागला, आणि रात्रभर जागेवरून न उठता नुसता थरथरत राहू लागला. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता मी जे देतोय ते फक्त दिवस वाढवण्यासाठी. बरं होणं नाही." त्यांना मी विचारलं, की मग शांतपणे सोडवता येईल का? तर ते म्हणाले, "ते मी करत नाही. मला ते पाप नको." शेवटी दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांनी घरी येऊन ते केलं. दोन दिवसांनी जिन्यात शेजारच्या बाईंनी मला गाठून विचारलं, "तुम्ही मारलंत म्हणे त्याला?"

मारलंत! तेरा वर्षं ज्यांनी त्याच्या भुंकण्याबद्दल सोसायटीत तक्रारी केल्या, त्यांना त्याच्या मरणानंतर एकदम त्याचा पुळका आला. असो. राग त्यांच्यावर नाही. राग त्या विचारावर आहे, आणि तो विचार फार लोकांच्या मनात घर करून बसला आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा कर्माचा. "त्याचे भोग त्यालाच भोगून संपवू द्यावेत, आपण मध्ये पडलो तर ते उरतात." हे सांगणाऱ्या गृहस्थांना स्वतःला रक्तदाबाची गोळी रोज सकाळी लागते. ती का घेता? ते भोग नव्हेत का? कुत्र्याला रेबीजची लस टोचली, पाय मोडला तेव्हा प्लास्टर घातलं, गोचीड झाल्या तेव्हा औषध लावलं, तेव्हा तुम्ही त्याच्या भोगांच्या मध्ये पडलातच की. तेरा वर्षं मध्ये पडायचं, आणि नेमकं ज्या आठवड्यात त्याला सर्वांत जास्त गरज आहे त्या आठवड्यात कर्मसिद्धांत आठवायचा, ह्याला धर्म म्हणत नाहीत. ह्याला काखा वर करणं म्हणतात.

दुसरा मुद्दा निसर्गाचा. "निसर्गक्रमानं जाऊ द्या." पण घरातल्या कुत्र्याच्या मरणात निसर्ग उरलाय कुठे? रानातलं जनावर इतकं आजारी पडलं की त्याला शिकार करता येत नाही, पाण्यापर्यंत जाता येत नाही, आणि बहुधा थोड्याच दिवसांत ते संपतं किंवा दुसऱ्या जनावराच्या तोंडी जातं. सलाईनवर, डायपर घालून, पाठीला जखमा होईतो महिनोन्‌महिने पडून राहणं हे आपण आणलं. औषधांनी आयुष्य लांबवलं हे चांगलंच केलं, माझी त्याला ना नाही. पण लांबवण्याचा हक्क घेतला, तर कुठे थांबायचं हे ठरवण्याची जबाबदारीही आपलीच.

तिसरा मुद्दा मला खरोखर विचार करायला लावणारा वाटतो. "माणसाला असं इंजेक्शन देत नाहीत, मग मुक्या प्राण्याला का?" खरं आहे. आपल्या देशात माणसाला मरणाचं इंजेक्शन देणं कायद्यानं गुन्हा आहे. अरुणा शानबागच्या खटल्यात २०११ साली, आणि पुन्हा २०१८ साली, सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली ती बरं न होणाऱ्या रुग्णाचे उपचार थांबवण्याची, तीही पुष्कळ अटी घालून. ते योग्यच आहे. कारण माणसाच्या मागे मालमत्ता असते, वारस असतात, कंटाळलेली सून आणि हिशेबी मुलगा असतो. शिवाय माणूस बोलू शकतो. दुखतंय तरी नातवाचं लग्न बघायचंय, असं म्हणू शकतो. त्याला वेदनेचा अर्थ लावता येतो, वाट बघता येते, देवाचं नाव घेता येतं. कुत्र्याला यातलं काही नाही. त्याच्यापुढे येणारी दिवाळी नसते. आपल्याला सुया का टोचतात, हे त्याला कुणी समजावू शकत नाही. त्याच्याजवळ असतो तो फक्त आजचा दिवस, आणि तो दिवस सगळाच्या सगळा वेदनेचा असेल, तर आपण त्याला नेमकं काय जगायला देतोय?

आता कुणी अहिंसेचं नाव काढलं, की मी त्यांना साबरमतीला घेऊन जाते. १९२८ साली गांधीजींच्या आश्रमात एक जायबंदी वासरू पडलं होतं. साधी कूस बदलायची तरी त्याला असह्य यातना होत. डॉक्टरांनी आशा सोडली. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली, विरोधही ऐकून घेतला, आणि अखेर डॉक्टरकडून विषाचं इंजेक्शन देववून त्या वासराला मुक्त केलं. हे त्यांनी लपवलं नाही. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मध्ये स्वतः लिहिलं, आणि मग त्यांच्यावर संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. अहिंसेचा पुजारी, आणि वासरू मारतो! आश्रमातल्या एकाचा आक्षेप होता, की जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. गांधीजींचं उत्तर असं, की जीव घेण्यात आपला स्वार्थ असता, तर ह्या आक्षेपात अर्थ होता. इथे स्वार्थ कुणाचा होता?

त्याच लेखात पुढे ते आश्रमाच्या पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांकडे वळले. माकडांना मारावं लागलं तर ती हिंसाच, कारण तिथे आपला फायदा आहे, हे त्यांनी स्वच्छ कबूल केलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. वासराच्या आणि माकडाच्या मरणात फरक आहे तो मारणाऱ्याच्या हेतूचा. कसोटी एकच: हे मी त्याच्यासाठी करतो आहे, की माझ्यासाठी?

कुणी मला युधिष्ठिराचंही उदाहरण देतात. स्वर्गाच्या दारात इंद्र म्हणाला, कुत्र्याला सोड, आणि धर्मराजानं नकार दिला. "बघा, त्यांनी कुत्र्याला सोडलं नाही!" अहो, हेच तर मी म्हणते आहे. शेवटपर्यंत सोडू नका.

ह्या विरोधाच्या मुळाशी एक चांगली भावना आहे, हेही मी नाकारत नाही. १८३२ साली इंग्रज सरकारनं मुंबईत मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचं पांजरपोळ उभारलं. सरसकट मारण्याला विरोध करणारी ही परंपरा अभिमानाची आहे. पण निरोगी जिवाला वाचवणं आणि मरणाऱ्या जिवाला तडफडत ठेवणं ह्या दोन गोष्टी एक कशा होतील? आपला कायदाही हा फरक ओळखतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा सांगतो, की जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत म्हणून सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत. ज्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल, त्याला मरण देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या २००१ च्या नियमांत असाध्य आजारी आणि प्राणांतिक जखमी कुत्र्यांना वेदनारहित मरण द्यावं असं म्हटलं होतं, आणि २०२३ च्या नव्या नियमांनीही ते कायम ठेवलं. दुसऱ्या कुत्र्यासमोर हे करू नये, अशीही अट त्यात आहे. जिन्यातल्या कुणापेक्षा तो नियम लिहिणाऱ्याला कुत्र्याचं मन जास्त कळलं होतं, असं मला वाटतं.

आता जरा दुसऱ्या बाजूला वळते, नाहीतर तिकडचे लोक खूश होऊन बसायचे. ‘झोपवणं’ हा एक नवा गुळगुळीत शब्द निघाला आहे. मुलगा परदेशी निघाला, कुत्रा झोपवा. नव्या फ्लॅटमध्ये परवानगी नाही, झोपवा. सुनेला दिवस गेलेत, झोपवा. म्हातारा झाला, घरात लघवी करतो, झोपवा. ह्यांतला एकही आजार कुत्र्याचा नाही, सगळे मालकाचे आहेत! अशा मालकाला नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार. म्हातारपण हा आजार नाही. आंधळा कुत्रा वासावर घरभर फिरतो, बहिरा कुत्रा हाताच्या खुणेवर चालतो, संधिवाताच्या कुत्र्याला वेदनेची औषधं मिळतात. मांजरांची तर मधुमेहाची इंजेक्शनं लोक वर्षानुवर्षं घरी देतात.

आणि ह्यांच्याही पलीकडचे महाभाग म्हणजे जे घाटात, ढाब्यापाशी नाहीतर बाजाराच्या दिवशी गावाबाहेर गाडीचं दार उघडून कुत्र्याला उतरवतात आणि निघून जातात. वर म्हणतात, "मारलं तर नाही ना!" दहा वर्षं गादीवर झोपलेला म्हातारा कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत टाकला, तर त्याचं काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या त्याच कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्या वेळी ठरवलेला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत सुटणारं पाप, आणि ते करणारे आमच्यासारख्यांना पापाचे धडे देणार.

मग ठरवायचं कसं? ह्याला सूत्र नाही, पण अगदी अंधारही नाही. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकेतल्या एका पशुवैद्य बाईंनी २००४ साली सात प्रश्नांची एक यादी केली. वेदना आटोक्यात आहे का आणि श्वास नीट घेता येतो का? पुरेसं खातो का? अंगात पाणी पुरेसं राहतं का? त्याला स्वच्छ ठेवता येतं का? त्याला कशात आनंद वाटतो का? उठून चालता येतं का? आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. एकूण पस्तिसाच्या वर असतील, तर सांभाळत राहावं. मास्तरणीला गुण देणं आवडतंच, पण मला त्यातला शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी वाटला. घरात कालनिर्णय असतंच. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात रोज रात्री एक खूण करावी, चांगला दिवस की वाईट. आठवणी दगा देतात. परवा त्यानं शेपूट हलवली होती एवढंच आपण धरून बसतो, आणि मधले चार दिवस विसरतो. कागद विसरत नाही. आणि कुत्री वेदना लपवतात, हेही लक्षात असू द्या. तो ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं नसतं.

प्रत्यक्षात काय होतं हेही सांगते, कारण पुष्कळांची निम्मी भीती त्या अज्ञानातून येते. नीट केलं, तर आधी गुंगीचं औषध देतात. कुत्रा शांत झाला की पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. शस्त्रक्रियेच्या वेळची भूल असते त्याच जातीचं औषध. काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. डोळे बहुधा उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, एखादा आचका येऊ शकतो. तो शरीराचा असतो, तेव्हा आत कुणी जागं नसतं. डॉक्टर छातीला नळी लावून खात्री करतात. डॉक्टरांना एक प्रश्न आधी जरूर विचारा: "भूल देणार ना?" भूल न देता नुसतं हृदय किंवा स्नायू बंद पाडणारं औषध टोचणं ही दया नव्हे, तो छळ आहे, आणि तसं करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नंतर एक काळजी घ्या. त्या औषधाचा अंश शरीरात राहतो, ते उघड्यावर टाकलं तर खाणारी कुत्री-पाखरंही मरतात. खोल पुरावं, नाहीतर दहन करावं.

आणि त्या वेळी खोलीबाहेर जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. "मला बघवत नाही" म्हणून बरेच लोक डॉक्टरांच्या हाती साखळी देऊन बाहेर गाडीत जाऊन बसतात. तुम्हाला बघवत नसेल, पण तो तुम्हालाच शोधत असतो. साबरमतीला ते वासरू गेलं, तेव्हा गांधीजी तिथे हजर होते. निर्णय आपला, तर जागाही आपलीच. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, रोजच्या नावानं हाक मारावी. एवढं तरी आपल्याकडून त्याचं येणं असतं.

मग नंतर मन खात राहतं. "दोन दिवस थांबायला हवं होतं का?" प्रत्येकाला हे वाटतं. वाटू द्यावं, तो प्रेमाचाच भाग आहे. पण ते वाटणं आणि गुन्हा करणं ह्यांत गल्लत करू नका. ज्याला रडू येतं, त्यानं खुशाल रडावं. "कुत्राच तर होता" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नये. ज्याची वाट बघत कुणी कधी दाराशी बसलं नाही, त्याला ते कळायचं नाही.

तेव्हा, मंडळी, पुढच्या वेळी कुणाच्या घरी असं आजारी जनावर असेल, तर सल्ला द्यायच्या आधी एवढंच करा. एक रात्र त्याच्याजवळ बसा. त्याची चादर बदला, त्याचं तोंड पुसा, पहाटे चारला त्याचं कण्हणं ऐका. आणि मग सकाळी त्या घरच्या माणसांच्या डोळ्यांत बघून म्हणून दाखवा, "त्याच्या मरणाने मरू दे." तरीही म्हणता आलं, तर मी तुमचं ऐकून घेईन.